हात न सोसणारं बाळ

(सावद्याच्या यमुनाअक्का बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं काम करतात. त्यांनी सांगितलं, ते असं.)

मी मूळची यावलकडची. बाप दुसऱ्याच्या केळीत पाणी भरायचा, आई बाळंतिणींना न्हाऊ घालायची आणि मी तिच्यामागे तेलाची वाटी धरून. दहा वर्षांची असेन, तेव्हापासून मला पाण्यात कोपर घालून सांगता यायचं की हे पाणी बाळाच्या अंगाचं आहे का बाळंतिणीच्या. शाळा दुसरीपर्यंत, पुढे कोणी पाठवलं नाही आणि मीही रडले नाही. लग्न होऊन सावद्याला आले. मालक स्टेशनवर केळीच्या वॅगनी भरायचे, घड उचलून उचलून त्यांची पाठ गेली, ते घरी बसले, मग मी आईचंच काम धरलं. काय सांगू तुम्हाला ताई, आज सावद्यात जी विशी-पंचविशीची पोरं मोटरसायकली उडवत फिरतात ना, त्यातली निम्मी माझ्या पायांवर पालथी पडलेली आहेत. मला बघून गाडी हळू करतात, पण लाजतात.

काम म्हणजे असं. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, कोमट तेलानं पाठ, मांड्या, दंड चांगले रगडायचे, हात-पाय एकमेकांवर आणून व्यायाम द्यायचा, डाळीचं पीठ लावून चोळायचं, मग कढत नाही पण चांगलं गरम पाणी तांब्यातांब्यानं अंगावर. नंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून धुरी द्यायची, टाळूवर तेल थापायचं आणि मऊ धोतरात हातापायासकट घट्ट गुंडाळून पाळण्यात. बाळ चार तास उठत नाही. माझं नाव झालं ते या चार तासांवर. यमुनाचा हात लागला की लेकरू झोपतं, असं घराघरात म्हणायचे. रावेरपासून गाडी पाठवून मला नेलेलं आहे. मी कोणाच्या घरी जाऊन काम मागितलं नाही कधी, घरं माझ्या दाराशी यायची, आणि तेच मला नडलं, ते पुढे सांगते.

सुमनचं सासर म्हणजे आमच्या गल्लीतलं मोठं केळीवाल्यांचं घर. तेव्हा टीव्ही सगळ्या गावात मिळून दोन-तीन असतील, त्यातला एक त्यांच्याकडे. सासू पाटलीणकाकू, बाई वाईट नव्हती, मी तिचं खाल्लेलं आहे, खोटं बोलणार नाही. पण घरात तिचा शब्द चालायचा, नवरा आणि मुलगा दोघे शेतात नाहीतर स्टेशनवर. सून आणली ती ही सुमन, शिंदखेड्याकडची, लांबची. तिकडची बोली वेगळी, ती आहेला शे म्हणायची, सगळ्याला बठ्ठा म्हणायची, आणि इकडे पोरीबाळी तिला चिडवायच्या, काय वं वहिनी, भाजी बठ्ठी संपनी का. ती हसायची. आई नव्हती तिला, भाऊ एकटा, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इकडेच झालं. मुलगा झाला. पेढे वाटले. काकूंनी मला बोलावून सांगितलं, यमुना, सव्वा महिना तू अन् तुझा हात, मले काही पाहायचं नाही.

पहिल्या दिवशी मी त्याला पायांवर घेतला आणि तो रडला. बाळ रडतंच, त्याचं काही नाही, मी रडण्यानं थांबत नसते. पण दुसरी बाळं रडतात ती पाण्याला रडतात, भुकेला रडतात, पाठीवर हात दोनदा फिरला की हुंदके देत गप्प होतात. हा तेलाचं बोट लागलं की धनुष्यासारखा मागे वाकायचा. बोट फिरेल तिथली कातडी कशी थरथरायची, गाईच्या अंगावर माशी बसल्यावर थरथरते तशी. मी म्हटलं, वात धरलाय अंगात. मग काय करतात वात धरल्यावर, अजून रगडतात. मी अजून रगडलं. तो अजून ओरडला. काकू म्हणाल्या, चांगला खणखणीत आहे गं आवाज.

आणि न्हाणं झाल्यावर तो झोपायचा, ताई. म्हणजे मी तेव्हा झोपायचा म्हणायची. ओठांभोवती पांढरं, डोळ्यांच्या पापण्या अर्ध्या उघड्या, मुठी आवळलेल्या. पाव तास, अर्धा तास. झोपलेल्या बाळाची मूठ सुटते, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं होतं, सगळ्यात आधी शिकवलेलं होतं. याची सुटायची नाही. मला दिसत होतं. मी बाहेर येऊन सांगायची, झोपला बघा काकू. आणि काकू म्हणायच्या, तुझ्या हातालाच येते बाई त्याची झोप, आईला तर त्याला निजवता येत नाही.

कारण बाकीचा दिवस तो झोपायचाच नाही. पाळणा त्यांचा जुना, पितळी साखळ्यांचा, वर घुंगरू लावलेले, हलवला की छान आवाज यायचा. छान म्हणजे आपल्याला. तो दर हेलकाव्याला दचकायचा. मग त्याला घ्यायचं, ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर, शेजारच्या बाया यायच्या, कोणी थोपटायची, कोणी जोरानं अंगाई म्हणायची, कोणी हातातल्या बांगड्या कानापाशी वाजवून दाखवायची. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्याचा ठसका आम्हाला लागला. काळा दोरा बांधला, तो मनगटावर घासून लाल झालं. बाळ सुकत चाललं. दूध ओढेना. मग बोलणी सुरू झाली. आईचं दूध उष्ण आहे, आईच्या अंगाला बाळ लागत नाही, तिकडच्या पोरींना लेकरू धरता येत नाही. सुमन वीस वर्षांची. ती काय बोलणार.

मग मला ताप आला, तीन दिवस मी अंथरुणात. चौथ्या दिवशी गेले तर काकू मंदिरात गेलेल्या, घरात सुमन एकटी. ती मला बघून खुश झाली नाही, घाबरली. म्हणाली, अक्का, ये, दाखवस तुले. मला हाताला धरून मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. धान्याच्या कोठ्या असतात तिथे, अंधारं असतं, थंड असतं. खाली सारवलेली जमीन, तिच्यावर एक पातळ, धुऊन धुऊन विरलेलं धोतर, आणि त्याच्यावर बाळ. उघडं, गुंडाळलेलं नाही, काही नाही. झोपलेलं. ताई, मुठी सुटलेल्या. बोटं अशी पसरलेली, पोट खालीवर होतंय. मी इतकी बाळं निजवलीत, पण त्या दिवशी मी उभी राहून बघतच राहिले.

सुमन दारातच थांबली, बाळापासून दोन हात लांब. हळू आवाजात सांगत होती, त्याले हात लावा का तो जागा व्हस, एकलाच ठेवा का झोपस. दूध पिताना फक्त घ्यायचं, ते पण पदर मध्ये धरून, आणि लगेच खाली. तीन दिवस तो असा झोपला, न्हाणं नाही, धुरी नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. दूध नीट प्यायला लागला. मी तिच्या हातांकडे बघितलं तर हात मोकळे. म्हटलं, अगं, बांगड्या? तर म्हणते, वाजतीस म्हणीसन काढ्यात. कोठीच्या खुंटीला पदराच्या चिंधीत बांधून ठेवल्या होत्या, काकू यायच्या आत घालायची परत.

मग ती म्हणाली, तू सांग ना वं अक्का घरमा, तुन्हं ऐकतीन त्या.

आता मी काय केलं ते ऐका. मला राग आला. खोटं कशाला बोलू, मला रागच आला. मी म्हटलं, मग माझे हात तोडून देऊ का तुला, आजवर काय मी बाळं मारली का न्हाऊ घालून. मला माहीत होतं ती खरं बोलतेय. डोळ्यानं बघत होते मी. पण मी काकूंना काय सांगणार होते, की माझा हात ह्या बाळाला नको आहे? गल्लीत काय झालं असतं त्याचं? माझं सगळं घर ह्या दोन हातांवर. म्हटलं, बघू, सांगते. आणि त्याला उचलला, मोरीत नेला, पायांवर पालथा घेतला आणि रोजच्यासारखं सगळं केलं. तो त्या दिवशी जो ओरडला, तो मला झोपेतून उठवल्याचा आवाज वाटला नाही, ओळखलं होतं त्यानं मला.

मी सांगितलं नाही. चार-पाच दिवस गेले. एक दिवस सकाळी मी तिकडेच निघाले होते तर ओट्यावरूनच आरडाओरडा ऐकू आला. काकू शेंगदाणे काढायला कोठीत गेल्या आणि त्यांनी बघितलं. आता त्यांनी काय बघितलं ते तुम्ही त्यांच्या डोळ्यांनी बघा. आपल्यात माणसाला जमिनीवर कधी घेतात? शेवटच्या घटकेला. आणि बाईचे हात मोकळे कधी होतात? अंधाऱ्या खोलीत नातू भुईवर पडलेला, हलत नाही, आणि सून शेजारी मोकळ्या हातांनी बसलेली. त्या बाईनं किंकाळी फोडली, तिला वाटलं नातू गेला. मग बाळ दचकून उठून रडायला लागलं तेव्हा तिचा जीव खाली आला, आणि जीव खाली आल्यावर राग वर चढला. मी पोचले तर अंगणात सुमन उभी, गल्लीतल्या बाया जमलेल्या, आणि काकू ओरडत होत्या, काय करू राह्यली तू, माह्या नातवाले भुईवर टाकलं, अन् हात मोकळे करून बसली, माहा पोरगा जित्ता हाये अजून, कोणाच्या नावानं काढल्या तू बांगड्या?

सुमन सांगत होती, आवाजानं उठतो म्हणून काढल्या. हे कोणाला पटणार? बांगडीच्या आवाजानं बाळ उठतं, हे ऐकून बाया हसल्या. एक म्हणाली, बांगड्यांच्याच आवाजात झोपतात वं लेकरं. एक म्हणाली, बाळंतवात डोक्यात गेलाय. आणि मग काकू माझ्याकडे वळल्या. यमुना, तू सांग मले. तू इतकी बाळं केली. आईजवळ न घेता भुईवर झोपणारं लेकरू पाहिलं का तू कधी? बाळात खोट आहे का हिच्यात?

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सुमन पण. तिला खात्री होती, ताई, तिच्या तोंडावर खात्री दिसत होती, की आता अक्का सांगेल.

मी म्हटलं, बाळात काही खोट नाही काकू. माझ्या हाताखाली चांगलं झोपतं.

एवढंच बोलले. एका वाक्यानं काम झालं. बाळात खोट नाही म्हणजे कोणात आहे, ते मला बोलावं लागलं नाही.

भावाला तार केली. तो दुसऱ्या दिवशी आला, गरीब माणूस, हात जोडून उभा राहिला, आणि चार दिवस माहेरी राहू द्या, डोकं शांत होईल, असं सांगून तिला त्याच्याबरोबर पाठवली. बाळ ठेवून घेतलं. त्याला वरचं दूध सुरू केलं. तिची छाती दाटलेली असेल, पदर ओला होत असेल एस.टी.त, हे मला माहीत आहे, मी बाळंतिणींचंच काम करते.

पंधरा दिवसांनी ती आली, भावाला घेऊन. काकूंनी ओट्याच्या पुढे येऊ दिलं नाही. मी तेव्हा मागे मोरीत होते, बाळ माझ्या पायांवर, आणि मोरीची भिंत गल्लीला लागून. तिला आतून त्याचं ओरडणं ऐकू गेलं असणार, कारण ती ओट्यावरून उतरून भिंतीपाशी आली आणि भिंतीपलीकडून म्हणाली, अक्का, चोळू नको वं त्याले. पाणी थंड कर. अक्का, ऐकस ना? तीनदा-चारदा म्हणाली. माझे हात थांबले नाहीत. काकू पुढे उभ्या होत्या, बाळाला तेल लागलेलं होतं, अर्ध्यात कसं सोडणार, असं काहीतरी मी मनाशी म्हणत होते. मग भाऊ तिला घेऊन गेला असेल, आवाज बंद झाला.

त्यानंतर महिन्याभरात बाळाचं रडणंही बंद झालं. पायांवर घेतलं की तो एकदम ढिला पडायचा, चिंधीसारखा, डोळे भिंतीकडे. घरात सगळे म्हणाले, सवय झाली, आई गेली आणि बाळ सुधारलं. मला त्यांनी लुगडं दिलं. मी घेतलं. नेसले पण.

पुढे सोडचिठ्ठी झाली, मुलानं दुसरं लग्न केलं, त्या दुसरीला दोन मुली झाल्या, त्यांना मीच न्हाऊ घातलं. त्या दोघी अशा झोपायच्या की दुपारी दूध पाजायला उठवावं लागायचं. काकू सगळ्या गावाला दाखवायच्या, बघा, घर तेच, पाळणा तोच, यमुना तीच. मग फरक कुठे होता, तुम्हीच सांगा. लोक मान हलवायचे. मीही हलवायचे.

बाळं सारखी नसतात, एवढी साधी गोष्ट. आता मी नीट बघते. कोणाला घट्ट गुंडाळलं नाही तर झोप नाही, हात सुटले की स्वतःच्याच हातांनी दचकतं. कोणाला गुंडाळलं की फास लागल्यासारखं करतं. एक पोरगी होती, तिला पिठाच्या गिरणीच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही, वीज गेली की उठायची. कोणाला आईच्या न धुतलेल्या लुगड्याचा वास पाहिजे. कोणाला दिवा नको. आणि हजारात एखादं असं की त्याला माणसाचा हातच सोसत नाही, आईचासुद्धा, म्हणजे आईवर माया नाही असं नाही, त्याच्या कातडीला सोसत नाही. मी आता पहिल्या दिवशी नुसता तळवा पाठीवर ठेवते आणि थांबते. कातडी आखडली तर घरच्यांना सांगते, याला चोळायचं नाही, पुसून घ्या, माझं काम नाही इथे. दोन घरं सुटली त्यापायी. म्हणाले, अक्का म्हातारी झाली, कामचुकार झाली. म्हणू दे. पण हे शहाणपण मला कोणत्या पोराच्या जिवावर आलं, ते मला विसरता येत नाही.

चार वर्षांमागे धुळ्याला भाचीच्या लग्नाला गेले होते, तिथून एस.टी. धरून शिंदखेड्याला गेले. विचारत विचारत घर काढलं. भावाच्याच घरात राहते, बालवाडीत पोरं सांभाळायला जाते. तिशीतच केस पांढरे झालेत कानापाशी. मला तिनं लगेच ओळखलं, पाणी दिलं, खाली बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. मी सगळं सांगितलं. मला माहीत होतं, मी बघितलं होतं, आणि मी माझ्या कामासाठी बोलले नाही, असं सरळ सांगितलं. मला वाटलं ओरडेल, हाकलून देईल. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, झोपस का तो आते?

मी म्हटलं, झोपतो. दुपारी मळ्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, खाली फरशीवर, कडी लावून. काकू गेल्यापासून त्याला कोणी टोकत नाही. तिनं मान हलवली. म्हणाली, खोलीत थंड शे ना. मी म्हटलं, हो. मी म्हटलं, घरी जाऊन सांगू का सगळं? तर म्हणाली, आते काय सांगानं शे वं अक्का. आणि तांदूळ घेऊन आत गेली.

तरी मी सांगितलं. घरात नाही, त्याला. मागच्या हिवाळ्यात. चौदा वर्षांचा झालाय, दीपक नाव त्याचं, अंगानं बारीक, कोणाजवळ उभा राहायचा झाला तर खांदे आखडून उभा राहतो. त्याला लहानपणापासून सांगत आलेत, तुझ्या आईनं तुला भुईवर टाकलं होतं. मी मळ्यात गेले, लांबच बसले आणि म्हटलं, तुझ्या आईनं तुला टाकलं नव्हतं, निजवलं होतं, तुला तसंच निजायला आवडायचं, हे तिला एकटीला कळलं होतं. आणि मलाही कळलं होतं, आणि मी खोटं बोलले. त्यानं मान वर केली नाही, काडीनं माती उकरत होता. उकरता उकरताच म्हणाला, शिंदखेड्याला धुळ्यात गाडी बदलावी लागते का? मी म्हटलं, लागते.

त्याची सावत्र आई चार दिवसांनी माझ्या ओट्यावर येऊन बोलून गेली, अक्का, इतक्या वर्षांनी हे उकरून तुम्हाला काय मिळालं. तेव्हापासून त्या घरात आणि त्यांच्या भावकीत मला बोलावणं नाही. बरोबर आहे त्यांचं, मी काही म्हणत नाही. दीपक गेला का नाही, मला माहीत नाही, आणि विचारायला माझं तोंड नाही. गेला असेल तर ती त्याला पोटाशी धरायला धावली नसेल, एवढी मला खात्री आहे. देव दोघांचं भलं करो. माझं काय, माझं चाललंय.